तळमजल्यावरचे लिफ्टचे पैसे

डोंबिवली असो, कल्याण असो वा ठाणे, सहकारी सोसायटीच्या सभेत एक वाद हमखास निघतो. तळमजल्यावर राहणाऱ्याने लिफ्टचे पैसे का द्यायचे? आदर्श उपविधींत याचे उत्तर स्पष्ट दिलेले आहे. लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, लिफ्ट कोण वापरतो आणि कोण नाही हे बघायचे नाही. तळमजल्यावरच्या माणसाला हे कधीच पुरते पटत नाही. पण त्याच्या पैशांमुळेच सातव्या मजल्यावरच्या आजी दर महिन्याला बँकेत जाऊ शकतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे खेळाच्या प्रक्षेपणाचा खर्च बऱ्याच अंशी असाच निघाला. घरात क्रिकेट बघणारा एक आणि मालिका बघणारे चार असले, तरी केबलचे बिल एकच यायचे आणि त्या बिलातून खेळाच्या वाहिनीचा वाटा आपोआप कापला जायचा. आता घराघरांतून केबलचा बॉक्स उतरतो आहे. खेळ बघणारे कमी झालेले नाहीत, उलट वाढले आहेत. कमी होत आहेत ते न बघताही पैसे देणारे. खेळाच्या अर्थकारणात येऊ घातलेला खरा बदल हा आहे, आणि त्याचा फटका क्रिकेटच्या आधी कबड्डी, खो-खो आणि फुटबॉलला बसणार आहे.

ही व्यवस्था उभी कशी राहिली ते आधी पाहू. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सामना दाखवण्याबद्दल क्रिकेट मंडळाला पैसे द्यायचे असतात, हेच दूरदर्शनला मान्य नव्हते. १९९३च्या हिरो चषकावरून वाद पेटला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितले की प्रक्षेपण-लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. केबलचे नियमन करणारा कायदाही त्याच वर्षी झाला. इमारतीच्या गच्चीवरून गच्चीवर वायर टाकणारा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वसुलीला दारात येणारा केबलवाला तोवर ठाणे-कल्याणच्या प्रत्येक गल्लीत ओळखीचा झाला होता. पुढे सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत आधी, आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबईत दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३च्या मुदतीने. बॉक्स आला तशी प्रत्येक घराची नोंद झाली. कोणत्या भागात किती जोडण्या आहेत हे तोपर्यंत केबलवाल्याच्या वहीतच असे. ते वाहिन्यांना कळू लागले आणि खेळाच्या वाहिन्यांचा हिशेब पक्का झाला.

हा हिशेब एका घरापुरता मांडून बघण्यासारखा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरपद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. तेव्हा शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यावर स्टार स्पोर्ट्ससारखी वाहिनी घेतली तर तिचे १९ रुपये वेगळे, करासह २२ रुपये ४२ पैसे. त्या १९ रुपयांतले किमान २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे, वितरणासाठी. बाकीचे, जास्तीत जास्त १५ रुपये २० पैसे, वाहिनीच्या मालकाला. वितरणाच्या वाट्यातूनही बडा वितरक आणि गल्लीतला केबलवाला यांची वाटणी ५५-४५ अशी धरली, तर केबलवाल्याच्या हातात क्रिकेटच्या वाहिनीमागे महिन्याला १ रुपया ७१ पैसे पडत. रक्कम किरकोळ दिसते. पण १५ रुपये २० पैसे गुणिले बारा महिने गुणिले कोट्यवधी घरे असा गुणाकार केला की प्रक्षेपण हक्कांच्या बोलीमागचे बळ कळते. या गुणाकारातला सर्वांत मोलाचा आकडा बारा हा आहे. सामना असो वा नसो, भारत हरो वा जिंको, जूनमध्ये पाऊस पडत असो, पैसे दर महिन्याला येत. जाहिरातदार हात आखडता घेतो त्या वर्षीही ही वर्गणी चुकत नसे.

ती आता चुकू लागली आहे. ट्रायच्या आकडेवारीनुसार पैसे भरून डीटीएच बघणारे मार्च २०२१ मध्ये सुमारे ६.९६ कोटी होते, मार्च २०२५ मध्ये ते ५.६९ कोटींवर आले. केबल वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने ईवाय या सल्लागार संस्थेकडून करून घेतलेल्या २०२५च्या अहवालात केबल आणि डीटीएच मिळून सशुल्क जोडण्या २०१८ मधल्या १५.१ कोटींवरून २०२४ मध्ये ११.१ कोटींपर्यंत घसरल्याचे म्हटले आहे. अहवाल हितसंबंध असलेल्या संघटनेचा आहे, म्हणून तो जपून वाचावा. पण ट्रायचे आकडेही त्याच दिशेने जातात. ठाण्यापलीकडच्या पट्ट्यात तर याचे कारण शोधायला लांब जायला नको. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो. त्या वेळी डोंबिवली-कल्याणचा नोकरदार घरी सोफ्यावर बसलेला नसतो, तो लोकलमध्ये असतो. दारात उभा असला तरी एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात फोन. घरी पोचेपर्यंत पहिल्या डावाची शेवटची षटके आलेली असतात, आणि मग तोच सामना भिंतीवरच्या टीव्हीवर, पण वाय-फायवरून, त्याच ॲपमध्ये पुढे चालू होतो. म्हणजे लोकांनी टीव्ही सोडलेला नाही, बॉक्स सोडला आहे. अनेक गल्ल्यांत तर ते वाय-फायही जुन्या केबलवाल्यानेच टाकलेल्या फायबरवरून येते. त्याचे गिऱ्हाईक टिकते, पण वाहिन्यांच्या वर्गणीचा धागा तुटतो.

मग पैसा कमी झाला का? वरवर बघता अजिबात नाही, आणि या लेखाच्या मुद्द्यावरचा पहिला आक्षेप हाच असणार. जून २०२२ मधल्या ई-लिलावात आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. आधीच्या पाच वर्षांचा आकडा १६,३४७.५ कोटी होता. भारतातील टीव्हीसाठी डिस्ने स्टारने २३,५७५ कोटी दिले. भारतातील डिजिटलसाठी वायाकॉम१८ने दोन गटांत मिळून त्याहून थोडे जास्त, २३,७५८ कोटींच्या आसपास, मोजले. डिजिटलने टीव्हीला गाठले ते तिथे. हा पैसा कुठे झिरपतो तेही दिसते. कल्याणच्या तुषार देशपांडेला नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात राजस्थान रॉयल्सने साडेसहा कोटींना घेतले. त्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा १२० कोटींची होती, आणि ती परवडण्याचे सर्वांत मोठे कारण प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा हे होते. डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे, पालघरचा शार्दूल ठाकूर, कल्याणचा तुषार: लोकलने मैदान गाठणाऱ्या मुलांना हा मार्ग खुला झाला तो प्रक्षेपणाच्या पैशाच्या जोरावर, हे मान्यच केले पाहिजे.

पण ४८,३९० कोटींचा आकडा प्रेक्षकांनी ठरवलेला नव्हता, तो दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांवर मात करण्यासाठी लावलेला होता. ॲमेझॉन ऐन वेळी बाजूला झाली, तरी डिस्ने स्टार आणि रिलायन्सच्या बाजूची वायाकॉम१८ समोरासमोर उभ्या होत्या. पुढे काय झाले? वायाकॉम१८ने आयपीएल २०२३ फुकट दाखवली. त्याला उत्तर म्हणून डिस्नेने त्याच वर्षीचा एकदिवसीय विश्वचषक मोबाइलवर फुकट दाखवला आणि अहमदाबादच्या अंतिम सामन्याला एकाच वेळी ५.९ कोटी लोक जोडले गेल्याचा विक्रम झाला. विक्रम झाला, पण वर्गणी कुठून यायची? नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघे एकत्र आले. ७०,३५२ कोटी रुपये मूल्यांकनाची जिओस्टार ही संयुक्त कंपनी जन्माला आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही ॲपचे जिओहॉटस्टार झाले. रिलायन्स या एकाच समूहाकडे आता मोबाइलचे जाळे आहे, हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांची मालकी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या सौद्यांतून आलेली आहे, आयपीएलचा मुंबई इंडियन्स हा संघ आहे, आणि टीव्ही व डिजिटल दोन्हींकडचे हक्क संयुक्त कंपनीकडे आहेत. लिलावात सर्वांत उंच हात करणारे दोन होते, त्यांचा आता एकच हात झाला. २०२७च्या मोसमानंतर आयपीएलचे हक्क पुन्हा बाजारात येतील तेव्हा मंडळाला हे जाणवेल. त्याची चाहूल आधीच लागली आहे. भारतातल्या द्विपक्षीय सामन्यांचे हक्क २०१८ मध्ये ६,१३८ कोटींना गेले होते, ऑगस्ट २०२३ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी ५,९६३ कोटींना गेले. सामने कमी असल्याने दर सामन्यामागची रक्कम वाढली हे खरे, पण एकूण रकमेची चढती कमान तिथे थांबली. डिसेंबर २०२५ मध्ये तर जिओस्टार आयसीसीच्या करारातून बाहेर पडू पाहते आहे अशा बातम्या आल्या. दोघांनी संयुक्त निवेदन काढून त्या फेटाळल्या. ज्या काळात पैशांची चिंता नव्हती त्या काळात असे निवेदन काढण्याची वेळ कोणावर आली नसती.

ॲपला वर्गणी मिळतच नाही असे मात्र नाही. मार्च २०२५च्या अखेरीस आपले १० कोटी वर्गणीदार झाल्याचे जिओहॉटस्टारने जाहीर केले, आणि या आकड्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पण ती वर्गणी कशी येते ते बघा. ॲप सुरू झाले तेव्हा मोबाइलवरचा सर्वांत स्वस्त पॅक तीन महिन्यांना १४९ रुपये होता. आयपीएल २०२५ चालली २२ मार्च ते ३ जून, म्हणजे तीन महिन्यांच्या आत. शिवाय जिओच्या २९९ रुपयांच्या रिचार्जवर ९० दिवस ॲप मोफत होते. म्हणजे बऱ्याच ग्राहकांच्या मनात खेळाची वेगळी किंमतच राहिली नाही, ती रिचार्जच्या आत विरघळली. केबलच्या बिलात जो आकडा १२ होता तो इथे ३ होतो, आणि जून उजाडला की पॅक संपू देणारा ग्राहक एक बोटही न हलवता निघून जातो. केबल सोडायची तर निदान फोन करावा लागे, बॉक्स परत द्यावा लागे.

वर्गणीची उणीव जाहिरात भरून काढेल, हा दुसरा आधार. जाहिरातदाराला ॲप आवडते, यात शंका नाही. टीव्हीवर देशभरातली पन्नास हजारांहून थोडी अधिक घरे नमुना म्हणून मोजली जातात, ॲपवर प्रत्येक फोन मोजला जातो. ठाण्यातला सराफ ठाण्यातच जाहिरात दाखवू शकतो. पण जाहिरात ही लहरी असते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हे एका आठवड्यात सिद्ध झाले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २० आणि २१ ऑगस्टला संसदेत मंजूर झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून अशाच खेळांच्या ड्रीम११ कंपनीचे नाव उतरले. ३५८ कोटींचा तीन वर्षांचा तो करार होता. कायदा योग्य होता. त्या खेळांनी किती घरे बुडवली हे आपल्या आसपास कुणालाही ठाऊक असेल. जर्सीला पुढे अपोलो टायर्स मिळाली, तीही जास्त रकमेला, कारण जर्सी भारताच्या क्रिकेट संघाची होती. पण सामन्याच्या मधल्या जाहिरातींत या कंपन्यांचे जे वजन होते ते भरून काढणे सोपे नाही, आणि क्रिकेटखेरीज इतर खेळांकडे तर अपोलो टायर्स चालून येत नाही.

इथे मुख्य मुद्द्याकडे येतो. वाहिनी आणि ॲप यांत एक फरक आहे ज्याकडे आकडेमोड करणाऱ्यांचे लक्ष जात नाही. वाहिनीला दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे ३६५ दिवस भरायचे असतात. पडदा काळा ठेवून चालत नाही. महिन्याचे पैसे घेतले आहेत, तर ऑगस्टमध्येही काहीतरी दाखवावेच लागते. प्रो कबड्डी या रिकाम्या वेळेतून जन्माला आली. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स समोरासमोर आले तेव्हा आयपीएल संपून जेमतेम दोन महिने झाले होते. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सची ही स्पर्धा, तिला स्टारने वाहिनी दिली, आणि पुढे मशालमध्ये बहुसंख्य हिस्साही घेतला. मैदानी कबड्डीला पडद्यासाठी नवे वळण मिळाले. तीस सेकंदांची चढाई, दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी करो या मरो, बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड झाली तर जादा गुण. दिव्यांचा झोत, निळी-केशरी मॅट आणि श्वास रोखून धरणारा निवेदक. ज्या खेळाचे सामने ठाणे जिल्ह्यात गावदेवीच्या जत्रेला किंवा शिवजयंतीला मंडळाच्या मैदानात, हॅलोजनच्या उजेडात आणि चुन्याने आखलेल्या रेषांत व्हायचे, तो खेळ घरातल्या बायकापोरांनी टीव्हीवर पाहिला. मालिका बघणाऱ्या सासूबाईंनी चढाईपटूंची नावे पाठ केली. त्यांनी कबड्डीसाठी वेगळा रुपया मोजला नव्हता, तो बिलात होता. म्हणूनच त्यांना कबड्डी सापडली. २०२१ ते २०२५ या पाच मोसमांसाठी स्टारने प्रो कबड्डीचे हक्क ९०८ कोटींना घेतले, म्हणजे वर्षाला १८१.६ कोटी. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले तेव्हा त्या संघातल्या पोरांना गावागावांत मिरवणुका निघण्याइतकी ओळख मिळाली, ती या रिकाम्या वेळेच्या पुण्याईवर.

ॲपला रिकामी वेळ नावाची चीजच नसते. तिथे लाखभर गोष्टी आधीच साठवलेल्या असतात. ऑगस्टमध्ये खेळ नसेल तर चित्रपट आहे, मालिका आहे, मागच्या सामन्याचे तुकडे आहेत. ॲपच्या दृष्टीने कबड्डीची तुलना काळ्या पडद्याशी होत नाही, तर आधीच खरेदी केलेल्या चित्रपटाशी होते. शिवाय ॲपवर खेळ समोर येत नाही, तो शोधावा लागतो. वाहिन्या बदलता बदलता अंगठा कबड्डीवर थांबायचा, तो अपघात ॲपमध्ये होत नाही. ज्याने काल क्रिकेट बघितले त्याला आज क्रिकेटच दाखवले जाते. याचे फळ जाहिरात व्यवसायाच्या आकड्यांत दिसते. ग्रुपएम या माध्यम संस्थेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये भारतीय क्रीडा उद्योगातल्या सुमारे १६,६०० कोटींपैकी ८५ टक्के क्रिकेटचे होते. उरलेल्या १५ टक्क्यांत बाकीचा सगळा देश खेळतो.

फुटबॉलचे उदाहरण अधिक कडू आहे. इंडियन सुपर लीगचा जुलै २०२५ मध्ये मोसम थांबवावा लागला, त्याचे तात्कालिक कारण फुटबॉल महासंघ आणि रिलायन्सच्या एफएसडीएल यांच्यातला २०१० पासूनचा पंधरा वर्षांचा करार संपत येणे, हे होते. केबल हे कारण नव्हते. पण नंतर महासंघाने व्यापारी हक्कांची निविदा काढली तेव्हा नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही, हे आपण कसे वाचायचे? मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांसारख्या संघांमागे प्रेक्षक आहेत, गोव्यात तर फुटबॉल घराघरांत आहे. तरी त्या प्रेक्षकांचे भावी पैसे मोजून धोका पत्करायला कोणी पुढे आले नाही. फ्रान्ससारख्या श्रीमंत देशातही हेच घडले. तिथल्या फुटबॉल लीगने मीडियाप्रो कंपनीशी वर्षाला ७५ कोटी युरोंहून मोठा करार केला. २०२० मध्ये पहिल्याच मोसमात कंपनीने हप्ता थकवला, डिसेंबरमध्ये करार मोडला. पुढे डॅझोन या ॲपशी झालेला करारही एका मोसमात आटोपला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लीगला स्वतःचे ॲप काढून १४.९९ युरोंना प्रेक्षकाच्या दारात जावे लागले. मोठी बोली म्हणजे मोठा प्रेक्षक नव्हे, हे त्यांना किंमत मोजून कळले.

आता सर्वांत न्याय्य आक्षेपाकडे वळू. तळमजल्यावरच्याने पैसे का द्यावेत? ज्या आजींना क्रिकेटचा कंटाळा आहे त्यांच्या पेन्शनमधून खेळाडूंचा लिलाव का सजवावा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवून लावणे बरे नाही. २०१९च्या नव्या दरपद्धतीचा हेतूही तोच होता: हवी ती वाहिनी घ्या, तिचेच पैसे द्या. वाहिन्यांनी गठ्ठे बांधून त्यातून पळवाट काढली, हा भाग वेगळा. शिवाय ॲपने काही गोष्टी खरोखर चांगल्या केल्या. २०२३ मध्ये आयपीएल बारा भाषांत ऐकता आली, त्यात मराठी होती, आणि केदार जाधवसारखा खेळाडू आपल्या भाषेत खेळ उलगडून सांगत होता. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच, भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा जिओहॉटस्टारवर १८.५ कोटी लोकांनी तो सामना पाहिला. २०२४ मधल्या पुरुषांच्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याइतकेच. मुलींच्या क्रिकेटला हा न्याय ॲपच्या काळात मिळाला आहे. तेव्हा जुनी सक्तीची वर्गणी परत आणा, असे म्हणण्यात अर्थ नाही, आणि ती परत येणारही नाही. माझे म्हणणे इतकेच की ती वर्गणी अन्यायाची असली तरी तिच्यावर एक इमारत उभी होती. पाया काढताना वरच्या मजल्यावर कोण राहते ते बघायला हवे. क्रिकेट दुसरीकडे घर घेईल. कबड्डीला आणि खो-खोला तशी ऐपत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्यांचे पुढचे सामने कुठे दिसतील हे आज किती घरांना सांगता येईल?

एक वेगळी वाट ठाण्यातच दिसते. मार्च २०२४ मध्ये दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृहात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. टेनिस चेंडूचे, दहा षटकांचे क्रिकेट. दुसरा मोसमही २०२५ मध्ये तिथेच झाला आणि माझी मुंबई संघाने तो जिंकला. संघांचे मालक अमिताभ बच्चन, अक्षय कुमार यांसारखे तारे, चेंडू प्रेक्षकांत गेला तर नऊ धावा, असे पडद्याच्या सोयीचे नियम. पण ही लीग आकाशातून पडली नाही. ठाणे, भिवंडी, कल्याण, पनवेल, अलिबाग या पट्ट्यात टेनिस चेंडूच्या रात्रीच्या स्पर्धा अनेक वर्षे चालत आल्या आहेत. बांबूला बांधलेले दिवे, चषकाशेजारी बक्षीस म्हणून उभी केलेली मोटारसायकल, आणि माईकवरून एका श्वासात आगरी-मराठीत चालणारे समालोचन. हे सामने यूट्यूबवर थेट दिसू लागले तेव्हा त्यांना वाहिनीची परवानगी लागली नाही की कोट्यवधींचे हक्क विकावे लागले नाहीत. गावातला मुलगा कुवेतमध्ये नोकरीला असला तरी त्याला आपल्या संघाचा सामना दिसतो. प्रेक्षक आधी जमला, लीग नंतर आली. प्रो कबड्डीत उलटे झाले होते, तिथे वाहिनीने प्रेक्षक आणून दिला. केबलची वर्गणी आटल्यावर लहान खेळांना पहिल्याच वाटेने जावे लागेल, आणि ती मंडळे, जिल्हा संघटना आणि शाळांच्या मैदानांतून जाते.

त्यासाठी दोन गोष्टी करता येतात. पहिली सरकारच्या हातात आहे. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि टीव्हीवरच्या जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारक व प्रसार भारती यांच्यात ७५-२५ वाटले जाते. तो कायदा टीव्ही आणि रेडिओच्या काळातला आहे. प्रेक्षक ॲपवर गेला, तर कायदाही तिथे जायला हवा, आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या वेव्हज या ॲपवर राष्ट्रीय कबड्डी आणि खो-खो स्पर्धा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, फुकट दिसायला हव्यात. प्रेक्षकाला खेळ शोधायला लावणे म्हणजे तो हरवू देणे होय. दुसरी गोष्ट क्रिकेट मंडळाच्या हातात आहे, आणि सरकारने ती त्याच्याकडून मागायला हरकत नाही. २०२७ नंतरच्या हक्कांचा सौदा होईल तेव्हा ॲप घेणाऱ्याला आयपीएलसोबत काही तास इतर भारतीय खेळांसाठीही राखावे लागतील, अशी अट निविदेतच घालता येते. आयपीएल हवी असेल तर ती अट मान्य करावी लागेल. याने बोली थोडी कमी येईल, असे कोणी म्हणेल. येईलही. पण तळमजल्यावरच्याचे पैसे ज्या खेळाने सर्वांत जास्त वापरले, त्याने आता लिफ्टचा थोडा भार उचलावा, यात अन्याय नाही.

राहिला गल्लीतला केबलवाला. ईवायच्या त्याच अहवालात २०१८ पासून या व्यवसायातले ५.७७ लाख रोजगार गेल्याचा अंदाज आहे. क्रिकेटच्या वाहिनीमागे त्याला मिळणारे १ रुपया ७१ पैसे परत येणार नाहीत. पण मैदानातून सामना थेट दाखवायचा तर कॅमेऱ्याइतकीच पक्की जोडणी लागते, कारण मोबाइलचा सिग्नल हजार-दोन हजारांच्या गर्दीत कोसळू शकतो. ती फायबरची जोडणी कोणत्या खांबावरून ओढायची, कोणत्या सोसायटीच्या गच्चीवर परवानगी मिळेल, पाऊस आला तर जोड कुठे झाकायचा, हे डोंबिवलीत त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. तीस वर्षे त्याची वायर बाहेरचा सामना घरात आणत होती. त्याच खांबावरून ती उलट दिशेने ओढली, तर मंडळाच्या मैदानातली चढाई बाहेर जाऊ शकते.